पन्नाशीनंतरचं बारीक काम : अंतर, उजेड, बैठक आणि हात

सुईदोरा

कशिदा, घड्याळदुरुस्ती, लाकडावरचं कोरीव काम, सोल्डरिंग, लघुचित्रं, पुस्तकबांधणी. नोकरीचा रेटा जरा कमी होतो, मुलं मार्गी लागतात, छंदाला वेळ मिळायला लागतो आणि नेमकी तेव्हाच ही कामं हातातून सुटायला लागतात. दोष हाताला दिला जातो, ‘आता जमत नाही’ म्हणून सामान माळ्यावर जातं. बहुतेक वेळा हात शाबूत असतो. बिघडलेलं असतं ते डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर, आणि ते कोणी मोजलेलंच नसतं.

म्हणून या धाग्याची सुरुवात मोजपट्टीने करू. नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या टेबलाशी बसा. डोळे मिटा, खांदे सैल सोडा आणि काम हातात धरा. हात आपोआप जिथे स्थिरावतील तिथेच राहू द्या. डोळे उघडून काम पुढेमागे करायचं नाही, कारण डोळे उघडले की आपण चष्म्याच्या सोयीने अंतर बदलतो आणि मोजमाप फसतं. दुसऱ्या कोणाला तरी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कामापर्यंत टेप धरायला सांगा. तीनदा मोजा, मधला आकडा घ्या. प्रत्येक कामाचा आकडा वेगळा निघेल. कशिद्याचा साधारण 35 ते 40 सेमी, टेबलावरच्या कोरीव कामाचा 50 ते 60, घड्याळाच्या यंत्राचा 20च्या आसपास. हे आकडे कागदावर लिहून चष्मा तपासायला जाताना सोबत न्यायचे. ‘जवळचं दिसत नाही’ एवढंच सांगितलं, तर समोरचा माणूस 40 सेमी धरून नंबर काढतो, कारण वाचनाचं ठरलेलं अंतर तेच आहे.

जाणकारांनी भर घालावी.

---

नेत्रपट

उत्तम सुरुवात. अंतरामागचं गणित सोपं आहे, ते सगळ्यांना यावं म्हणून लिहितो.

100ला जवळच्या नंबराने भागलं की सेंटीमीटरमध्ये अंतर मिळतं. +2.00ला 50 सेमी, +2.50ला 40, +4.00ला 25. दूरचा नंबर असेल तर हा जवळचा नंबर त्यात मिळवायचा. चिठ्ठीवर ‘अ‍ॅड’ म्हणून लिहिलेला असतो तोच. या अंतराच्या पलीकडचं सगळं धूसर. अलीकडचं किती दिसेल, ते डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता किती उरली आहे त्यावर ठरतं. पन्नाशीच्या सुमारास साधारण 2 डायऑप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) उरलेली असते, साठीला 1च्या आसपास.

आता साठीच्या डोळ्याला +1.75 दिला, तर 57 सेमीपासून 36 सेमीपर्यंतचं स्पष्ट दिसतं, म्हणजे 20 सेमीहून जास्त जागा. त्याच डोळ्याला +2.50 दिला तर 40 ते 29. +3.50 दिला तर 29 ते 22, जेमतेम सात सेंटीमीटर. ‘जरा जोरदार नंबर घालू म्हणजे मोठं दिसेल’ हा हिशेब इथेच चुकतो. अक्षर मोठं दिसतं खरं, पण मान थोडी मागे गेली तरी काम धूसर होतं. मग माणूस त्या सात सेंटीमीटरमध्ये मान अडकवून बसतो आणि संध्याकाळी मानदुखीची तक्रार करतो.

शिवाय उरलेली लवचीकता सगळी वापरून तासभर काम होत नाही. निम्मी वापरायची, निम्मी राखीव ठेवायची. म्हणजे 40 सेमीवर 2.50 लागत असतील आणि डोळ्यात 1 उरला असेल, तर चष्म्याने 2.00 द्यायचे, अर्धा डोळा देईल.

तयार चाळिशीबद्दलही बोलतो. तिच्यात दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर असतो, तिरपा नंबर (चिठ्ठीवरचा सिलिंडर) नसतो आणि भिंगांच्या केंद्रांमधलं अंतर सरासरी माणसाचं असतं. दोन्ही डोळे सारखे, तिरपा नंबर नाही, बाहुल्यांमधलं अंतर 62-64 मिमीच्या जवळ, असं असेल तर ती खुशाल वापरा. डोळ्याला इजा होत नाही. अर्ध्या तासात कपाळ दुखत असेल, तर या तीनपैकी एक बाब जुळत नाही.

---

संध्याकाळचा_रंधा

दिवसभर संगणक, संध्याकाळी लाकूडकाम. पडदा 70 सेमीवर, बाक 55 सेमीवर. एकच प्रोग्रेसिव्ह दोन्हीला पुरेल का?

---

नेत्रपट

रंधासाहेब, रस्त्याला आणि बैठकीच्या खोलीला पुरेल, या दोन कामांना नाही.

प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली नंबर बदलत जातो. मधल्या अंतराची पट्टी अगदी चिंचोळी, आणि दोन्ही कडांना हमखास धूसर. पडदा स्पष्ट दिसावा म्हणून हनुवटी वर उचलावी लागते, आणि दिवसभर तसं बसलं की मानेच्या मागे, कवटीच्या बुडाशी कळ धरते. लाकडावर रेघ मारताना आणखी एक अडचण आहे. काचेच्या कडेतून पाहिलं तर सरळ रेघ किंचित वाकडी भासते, काटकोन तपासायच्या गुण्यातही शंका येते.

तुमच्यासाठी 55 आणि 70 ही अंतरं जवळजवळ आहेत. 70 सेमीला 1.43 लागतात, 55ला 1.82. दूरच्या नंबरात 1.25 ते 1.50 मिळवून संपूर्ण काचेत एकच नंबर घातला, तर उरलेली लवचीकता धरून दोन्ही भागतं. मधोमध नाही, पूर्ण काच. हा चष्मा बाकापाशीच ठेवायचा. तो घालून पायऱ्या उतरायच्या नाहीत आणि वाहन तर चालवायचंच नाही, दूरचं धूसर असतं.

---

उजेडवाट

चष्म्यावर चांगलं आलंय. आता दिवा, कारण बरेच चष्मे उजेडाअभावी बदलले जातात.

साठीच्या डोळ्यात बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेडच दृष्टिपटलावर पोचतो. म्हणजे तेच काम तितकंच स्पष्ट दिसायला तिप्पट उजेड हवा. कार्यालयातल्या टेबलाला 500 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) धरतात, हाताने घड्याळ जुळवण्याच्या कामाला युरोपीय मानकात 1500. छताच्या दिव्याने हे साधत नाही आणि साधायचा प्रयत्नही करू नये. दिवा जवळ आणायचा. दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. वळणाऱ्या मानेचा दिवा 80 सेमीवरून 40वर आणा, तोच बल्ब पुरतो.

दिव्याची कड डोळ्यांच्या रेषेच्या खाली हवी. बल्ब थेट दिसत असेल तर बाहुली आणखी आक्रसते आणि वाढवलेला उजेड फुकट जातो. खोलीतला बाकीचा दिवाही चालू ठेवा, काळोखात एकच झोत ठेवला की नजर वर करताच डोळे दिपल्यासारखे होतात.

कुठून उजेड पडावा, हे कामावर ठरतं. उजव्या हाताने शिवणाऱ्याला डावीकडून, जरा पुढून. कोरीव कामाला बाजूने, अगदी आडवा, 20-30 अंशांवर. सावली पडली तरच खोली कळते, वरून उजेड टाकला तर कोरलेलं सपाट दिसतं. सोल्डरिंगला दोन्ही बाजूंनी, दुधी पडद्यातून पसरलेला. एकच झोत चकचकीत सांध्यावर पांढरा ठिपका उमटवतो आणि कच्चा सांधा त्याखाली लपतो.

बल्ब घेताना वेष्टनावर रंगांचा खरेपणा दाखवणारा आकडा 90च्या वर पाहा आणि रंगछटा 4000 ते 5000 केल्विन. लुकलुकतो का, हे मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहायचं. चित्रणात पट्टे धावताना दिसले तर तो दिवा लेथ आणि ड्रिलजवळ लावू नका. फिरतं पातं थांबल्यासारखं किंवा उलटं फिरतंय असं भासतं, आणि हात तिथे जातो.

---

अबोली

रंगांबद्दल एक भर. पिवळसर झालेलं भिंग निळा रंग अडवतं. गडद निळा आणि काळा, जांभळा आणि तपकिरी यांत रात्री गफलत होते. रेशमाच्या लड्या दिवसाउजेडी खिडकीशी लावायच्या आणि प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी अडकवायची. रात्री टाके घालताना रंग बघायचा नाही, क्रमांक वाचायचा.

आणि सुईत दोरा ओवण्याबद्दल, कारण इथेच बहुतेक जणी हार मानतात. सुईचं नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने किंचित कंगोरेदार असतं. एका बाजूने दोरा जात नसेल तर सुई अर्धी फिरवून दुसऱ्या बाजूने प्रयत्न करा. दोऱ्याचं टोक नव्याने, धारदार कात्रीने, तिरकं कापा. दातांनी तोडलेलं टोक फुलतं. दोरा ओला करू नका, पाण्याने धागा फुगतो. नेढं ओलं करा. मग सुईकडे दोरा नेण्याऐवजी दोरा चिमटीत असा धरा की टोक दोन मिलिमीटरच बाहेर दिसेल, आणि सुई त्याच्यावर खाली उतरवा. मागे पांढरा कागद. दोरा पांढरा असेल तर काळा.

रिळावरून जे टोक आधी सुटतं तेच ओवायचं, म्हणजे दोरा पिळाच्या दिशेने ओढला जातो आणि कमी गुंततो. लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, 45 सेमीच्या आसपास. ओवण्याचा कंटाळा म्हणून लांब दोरा घेतला की नेढ्याशी घासून तो शेवटी विरतो आणि शेवटचे टाके मळकट दिसतात. त्यापेक्षा सकाळच्या उजेडात दहा सुया ओवून टाचणगादीला लावून ठेवा.

---

चिमटा_आणि_चक्र

भिंगांवर कोणी लिहिलं नाही, म्हणून.

दिव्याच्या भिंगावर ‘3 डायऑप्टर’ असं लिहिलेलं असतं, ते म्हणजे तिप्पट नव्हे. डायऑप्टरला चारने भागून एक मिळवा. 3 म्हणजे 1.75 पट, 5 म्हणजे 2.25 पट, 8 म्हणजे तिप्पट. पट वाढली की अंतर घटतं आणि दिसणारं वर्तुळही आकसतं. डोक्याला बांधायचं भिंग 1.75 पटीचं असेल तर काम साधारण 35 सेमीवर येतं, 2.5 पटीला 20 सेमीवर. कशिदा आणि सोल्डरिंगला 1.75 पुरतं. त्याहून जास्त घेतलं तर सुई कपाळाला लागेल इतकी जवळ येते.

हे भिंग दूरच्या चष्म्यावर घाला. वाचनाच्या चष्म्यावर घातलं तर दोन्ही नंबर एकमेकांत मिळतात आणि अंतर अजून आखडतं. ‘भिंग खराब निघालं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

सोल्डरिंगवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भिंगामुळे चेहरा कामाच्या 20-35 सेमीवर येतो, म्हणजे फ्लक्सचा (सांधा नीट बसावा म्हणून लावतात त्या द्रव्याचा) धूर थेट नाकात. छोटा पंखा बाजूला असा ठेवा की तो धूर ओढून घेईल, कामावर फुंकणार नाही. फुंकणारा पंखा सांधा अकाली थंड करतो.

काम झालं की भिंगाच्या दिव्यावर झाकण घाला. खिडकीतलं ऊन भिंगातून एका ठिपक्यावर एकवटलं तर टेबलावरचा कागद पेट घेतो.

---

संध्याकाळचा_रंधा

नेत्रपट, आभार. बाकाच्या उंचीचं काही प्रमाण आहे का? सगळीकडे एकच उंची सांगतात.

---

पटाशीधार

एक उंची सगळ्या कामांना चालत नाही, तिथेच पाठ जाते. माप जमिनीपासून नव्हे, कोपरापासून घ्या. उभं राहून काम असेल तर उभं राहून, बसून असेल तर बसून.

घड्याळ, दागिने, लघुचित्रं अशा बारीक कामाला टेबल कोपरापेक्षा 5 ते 10 सेमी उंच, म्हणजे दोन्ही कोपरं टेकतात आणि काम डोळ्यांकडे येतं. हलक्या हातकामाला कोपराच्या 10-15 सेमी खाली. रंधा मारायला, ठोकायला त्याहून खाली, 15 ते 40 सेमी, कारण तिथे अंगाचा भार वापरायचा असतो. तरुणपणी रंध्याच्या बाकावरच वाकून कोरीव काम खपून जातं, पन्नाशीनंतर नाही. नवा बाक करायची गरज नाही. 25 सेमी उंचीची जड पेटी किंवा छोटा चौरंगासारखा बाक मोठ्या बाकावर शिकंजाने आवळून ठेवायचा, कोरीव काम त्यावर. चित्रकारांनी आणि कशिदेकारांनी पाट 20-30 अंश तिरपा करावा. डोकं सुमारे पाच किलोचं असतं, ते जितकं पुढे झुकेल तितका मानेच्या स्नायूंना जास्त भार तोलावा लागतो.

आता हात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ जो सांधा आहे तो या वयात बरेचदा झिजतो, स्त्रियांमध्ये अधिक. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर त्या सांध्यावर बारा किलोच्या आसपास दाब येतो. म्हणजे जोर थोडा कमी केला तरी सांध्याला भरपूर आराम. जोर कमी करायचे उपाय असे.

मूठ जाड करा. चिमटीने धरायची हत्यारं, जसं की क्रोशाची सुई, कोरणी, ब्रश, यांची जाडी 10 ते 15 मिमी करा. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन पट्टी गुंडाळली तरी चालतं. पूर्ण मुठीत धरायच्या हत्यारांना 30 ते 40 मिमी. गुळगुळीत मूठ जास्त दाबावी लागते, खरखरीत कमी.

काम धरायला हात वापरू नका. कशिद्याच्या रिंगला स्टँड, लाकडाला शिकंजा, घड्याळाच्या यंत्राला धारक. डावा हात तासभर नुसता धरून ठेवण्यातच थकतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आणि धार. बोथट पटाशीला दुप्पट जोर लागतो, ती निसटते तेव्हा सगळा जोर घेऊन निसटते. धार पारखायला मऊ लाकडाच्या उभ्या टोकाचा, म्हणजे जिथे रेषे कापले जातात तिथला, पातळ काप काढा. कापलेली जागा चकाकली तर धार आहे. पांढुरकी आणि तंतू उपटल्यासारखी दिसली तर नाही. तेव्हा दगडावर जाण्याआधी चामड्याच्या पट्टीवर घासणीचा लेप लावून दहा-पंधरा वेळा मागे ओढा. मागेच, पुढे ढकललं तर पातं चामड्यात घुसतं. दर वीस मिनिटांनी एवढं केलं तर दगड क्वचितच लागतो.

---

अबोली

+1. कात्रीही स्प्रिंगवाली घ्या, आपोआप उघडणारी. अंगठ्याने उघडावी लागत नाही.

हात थोडे थरथरत असतील तर काय करावं?

---

पटाशीधार

अबोलीताई, थरथर लपवायला हात ताणून धरला की ती वाढते. करंगळीकडची कड टेकवायची आणि बाहूचा पुढचा भाग कोपरापर्यंत टेबलावर. हालचाल फक्त बोटांनी. श्वास अर्धा सोडून टाका घ्यायचा. कॅफीनने आणि दम्याच्या काही पंपांनी थरथर वाढते, तेव्हा कामाची वेळ त्यानंतर लगेच ठेवू नये. काम करताना थरथरणं आणि हात मांडीवर निवांत असताना थरथरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी दिसली तर मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवा.

---

नेत्रपट

मोतीबिंदूचा विषय राहिला, आणि तो या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ज्यांना उणे 3च्या आसपास नंबर आहे ते चष्मा काढून 33 सेमीवरचं बारीक काम आयुष्यभर करत आलेले असतात. शस्त्रक्रियेत दूरचं स्पष्ट दिसणारं कृत्रिम भिंग बसवलं की ही सोय कायमची जाते. दूरचं लख्ख दिसतं आणि सुई दिसत नाही. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, फक्त आधी कोणी विचारलेलं नसतं. म्हणून भिंगाची निवड होण्याआधी सर्जनला सांगा: ‘मी रोज दोन तास इतक्या सेंटीमीटरवर काम करतो.’ भिंग जवळच्या अंतराला लावून दूरसाठी चष्मा घालणं हा पर्याय असतो. एकाच भिंगातून जवळचं-दूरचं दोन्ही दाखवणाऱ्या प्रकारात उजेड विभागला जातो, बारीक छटा आणि कमी उजेडातलं काम थोडं फिकं पडतं. हेही आधी विचारून घ्यायचं.

उलट खूणही लक्षात ठेवा. साठीनंतर अचानक चाळिशीशिवाय वाचता यायला लागलं, तर तो आनंदाचा विषय नाही. मोतीबिंदू पिकताना भिंगाचा नंबर बदलतो म्हणून तसं होतं.

मधुमेह असेल तर साखर चढउतार होत असताना नंबर काढू नका, साखरेबरोबर नंबरही हलतो. काही आठवडे साखर स्थिर राहू द्या, मग तपासा. सरळ रेघ मध्येच नागमोडी दिसू लागली, तर एकेक डोळा झाकून चौकटीच्या कागदाकडे पाहा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी.

---

सुईदोरा

फार मोलाची माहिती जमली. वेळेबद्दल माझी भर.

दिवसभर पडद्यासमोर काम करून संध्याकाळी लगेच बारीक काम घेतलं तर डोळे आधीच कोरडे असतात, कारण टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात. घरी आल्यावर अर्धा तास दूरचं पाहण्यात घालवा. मग 25 मिनिटं काम, पाच मिनिटं उठून खिडकीबाहेर. पंख्याचा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर नको.

मांडामांडीत वेळ गेला तर आठवड्यातून दोनदासुद्धा काम होत नाही. सामान कपाटात परत ठेवण्याऐवजी एका ट्रेमध्ये, जसंच्या तसं, वर कापड घालून ठेवा. थांबताना टाका किंवा कप्पा पूर्ण करून थांबू नका. पुढचा टाका कुठे पडणार हे स्पष्ट असताना मध्येच थांबा आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: कोणत्या क्रमांकाचा रंग, कोणती ओळ, कोणतं हत्यार. घड्याळ उघडलेलं असेल तर प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने डबीच्या कप्प्यांत.

---

संध्याकाळचा_रंधा

आज टेप धरून मोजलं. डोळे मिटून 52, डोळे उघडे ठेवून 61. म्हणजे हाताला हवं 52 आणि चष्मा देतो 61?

---

नेत्रपट

बरोबर वाचलंत. 52 लिहून न्या. 100 भागिले 52, म्हणजे 1.92, त्यातून डोळ्यात उरलेल्याचं निम्मं वजा करायचं, ते तपासणीत मोजतील. आधी 1.25 ते 1.50 म्हणालो होतो, तो आकडा आता 1.50कडे झुकेल. काच करायला टाकण्याआधी चाचणीची फ्रेम घालून तिथेच 52 सेमीवर फूटपट्टी धरा, अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा वाचा, मग 70 सेमीवर छापील मजकूर. दोन्ही पाच मिनिटं कपाळाला आठी न पडता वाचता आलं, तरच नंबर पक्का करायला सांगा.